‘वयोमानाने’ : माप की कारण?

प्रश्न : दुखणे घेऊन गेलेल्या वृद्धाला ‘वयोमानाने असे व्हायचेच’ असे उत्तर वारंवार ऐकावे लागते. ‘वयोमान’ या शब्दातच हा अर्थ आहे का?

उत्तर : नाही. ‘तापमान’, ‘पर्जन्यमान’ यांत मापाचा वाचक असलेला ‘मान’ तोच येथेही आहे. ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ या कार्यालयीन प्रयोगात तो अर्थ शाबूत राहिला आहे, कारण तेथे केवळ वर्षे मोजलेली असतात, प्रकृतीविषयी काहीच म्हटलेले नसते. तृतीयेचा प्रत्यय लागला की मात्र मापाचे कारण होते. ‘वयोमानाने गुडघे दुखतात’ असे म्हटले की पुढे तपासण्यासारखे काही उरलेच नाही, असा सूर निघतो. (नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम या सुराखाली सहज झाकला जातो.)

हा सूर खुद्द रुग्णाच्या मनात मुरतो, हे मला अधिक गंभीर वाटते. येल विद्यापीठातील बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या 598 व्यक्तींचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. अंघोळ करणे, कपडे घालणे, चालणे अशा रोजच्या कामांत गंभीर परावलंबन आल्यानंतर त्यातून पूर्णपणे सावरण्याची शक्यता, वार्धक्याविषयी अनुकूल समजुती असणाऱ्यांत, प्रतिकूल समजुती असणाऱ्यांपेक्षा 44 टक्क्यांनी अधिक आढळली. सहसंबंधाला कार्यकारणभाव मानण्याची घाई करू नये, हे खरे. तरीही सुधारणा होणारच नाही असे ज्याने गृहीत धरले आहे, तो व्यायाम आणि औषधे यांत टाळाटाळ करणार, हे समजण्यासारखे आहे.

उपप्रश्न : परंतु स्नायू तर वयोमानाने क्षीण होतातच. मग हा शब्द वर्ज्य मानावा का?

उत्तर : वर्ज्य मानण्याचे कारण नाही. स्नायू क्षीण होतात, पण 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सरासरी नव्वद वर्षांच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केल्यावर त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. म्हणून ‘वयोमानाने ताकद घटली आहे’ हे वर्णन म्हणून चालेल, उपचार थांबवण्याचे कारण म्हणून चालणार नाही. औषधाची मात्रा ठरवताना, मूत्रपिंडांची क्षमता उतारवयात बहुधा कमी झालेली असल्यामुळे, ‘वयोमान लक्षात घेऊन’ असे लिहिणे तर आवश्यकच आहे.