दुकानाचा रस्ता दाखवणारी पाटी ही जाहिरात काहून?

जुना चष्मेवाला
नागपुरात उड्डाणपुलाच्या कामासाठी आमच्या दुकानासमोर पत्रे ठोकले आहेत. समोरून येणं बंद. आता मागच्या गल्लीतून यावं लागते, आणि ती गल्ली कुठून सुरू होते ते गल्लीतल्यांनाच ठाऊक. परवा एक आजोबा तुटलेली काडी घेऊन पत्र्यापलीकडून हाका मारत होते. फटीतून हात घालून चष्मा घेतला, स्क्रू बसवला, फटीतूनच परत दिला. पैसेही त्याच फटीतून.

म्हणून महापालिकेकडे तीन जादा पाट्यांची परवानगी मागितली. दोन बाय तीन फूट, पांढऱ्यावर काळी अक्षरं, 'चष्मे – रस्ता मागून' आणि एक बाण. मोबाइल नंबर नाही, ऑफर नाही. काम संपलं की काढून घेईन असं लिहूनही दिलं. उत्तर आलं की ही जाहिरात आहे, जाहिरातीच्या खिडकीवर जा. रस्ता मी वळवला नाही, मग वळण सांगायचं शुल्क मी काहून भरू? तुमचं मत सांगा.

स्कूटीवाली
काका, दुकानाबद्दल वाईट वाटतं, तरी मी विरोधातच. रात्री पावसात मी त्या वळणावर येते तेव्हा ठरवायला दोन सेकंद मिळतात. वळणरस्त्याच्या पिवळ्या फलकाखाली आधीच 'साडी सेल', 'ट्यूशन', 'पीजी' लटकलेत, आणि प्रत्येकाला बाण! मागच्या महिन्यात एका बाणाच्या नादी लागून थेट मंगल कार्यालयाच्या आवारात शिरले, वरातीच्या मागोमाग. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११६ बघा. वाहतूक चिन्ह झाकणारी किंवा त्याच्यासारखी दिसून फसवणारी पाटी काढायचे अधिकार पोलीस अधिकाऱ्याला देता येतात, ते उगाच नाही.

बर्डीचा बंड्या
अवो ताई, तुम्ही साडी सेलचा राग चष्म्यावर काढून राहिल्या. चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागते, भाऊचा फोटो, दादाचा फोटो, खाली बारीक बारीक पन्नास मुंडके. ते चालते. आन् हा माणूस कागद घेऊन परवानगी मांगून राहिला त याले खिडकी दाखवता! न मांगता लावली असती त आतापर्यंत कोणी पाह्यलंबी नसतं.

कलम-कागद
बंड्याभाऊ, चिडून उपयोग नाही, नियम समजून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २४५ जाहिरातींना परवानगी लावतं, पण ज्या इमारतीत धंदा आहे तिच्यावरच त्या धंद्याची पाटी असेल तर त्यातून सूट आहे. चष्मेवाल्यांच्या दारावरची पाटी म्हणूनच बिनघोर. तीच पाटी दोनशे मीटरवर खांबाला बांधली की सूट संपली. मजकूर किती साधा, याचा इथे संबंध नाही. पाटी कुठे आहे ते बघतात. खिडकीवरच्या बाबूने कायद्याला धरूनच सांगितलं.

जुना चष्मेवाला
म्हणजे दार माझं, दारापर्यंतचा रस्ता गेला, आणि सूट फक्त दारावर. वा!

निवांत नागपूरकर
घाटकोपर विसरलात का? १३ मे २०२४, वादळात होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. आपल्याकडे मे-जूनचं वादळ काय असतं ते सांगायला नको. पाटी लहान असली तरी लोखंडी अँगल डोक्यात बसला की संपलं.

बर्डीचा बंड्या
ते १२० बाय १२० फुटाचं धूड होतं राज्या! हे दोन बाय तीन हाय. शाळेची फळी याच्याहून मोठी रायते.

कामठी रोडवाला
आम्ही हे भोगलं आहे. आमच्या कामठी रोडवरचा एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक, सुमारे ५.६ किलोमीटरचा डबल डेकर पूल, २०२४ च्या ऑक्टोबरात उघडला. त्याआधीची वर्षं पत्रे, धूळ आणि 'दुकान चालू आहे' असे फ्लेक्स. प्रत्येकाने आपापला लावला. शेवटी पत्रेच दिसेनात, गिऱ्हाईक तर नाहीच. मग आम्ही चौदा दुकानांनी मिळून एकच फलक करायचं ठरवलं. वर नाव कोणाचं, यावर तीन बैठका झाल्या. चहाचे पैसे मीच दिले. फलक झाला तेव्हा अक्षरं इतकी बारीक की गाडी थांबवल्याशिवाय वाचता येत नव्हती.

माझं म्हणणं, दुकानांची नावं नकोतच. पत्र्यांमधल्या प्रत्येक कटला मोठा आकडा द्या: कट १, कट २, कट ३. तो ठेकेदारानेच रंगवावा. दुकानदाराने गिऱ्हाइकाला फोनवर 'कट ३ मधून या' एवढंच सांगायचं. जाहिरातीचा प्रश्नच येत नाही.

जुना चष्मेवाला
दादा, कल्पना चांगली, पण माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना फोनचा पडदाच दिसत नाही, म्हणून तर ते माझ्याकडे येतात. ते विचारत विचारत येतात. कट ३ त्यांना कोण सांगणार?

स्कूटीवाली
मग तुमची पाटी गाडीवाल्यासाठी नाहीच ना, पायी येणाऱ्यासाठी आहे. वळणावर लावूच नका. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या भिंतीला, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर लावा. तीन नको, एकच. पिवळ्या फलकापासून लांब असेल तर माझा विरोध नाही. आणि अक्षरं मोठी काढा, चष्म्याचं दुकान शोधणाऱ्याच्या नाकावर चष्मा नसतो!

जुना चष्मेवाला
हे पटलं. दोन पाट्यांवर पाणी सोडतो. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, आत्ताच मालकाला विचारून आलो. म्हणे, लाव, पण माझ्या आईच्या चष्म्याच्या काचा बदलून दे.

कलम-कागद
भिंत खासगी असली तरी परवानगी लागणारच. गिरणीच्या भिंतीमागे दळण आहे, चष्मे नाहीत.

जुना चष्मेवाला
म्हणजे खिडकी तीच. उद्या अर्जात 'तीन' खोडून 'एक' करतो. आईच्या काचा मात्र आजच देतो, त्या माउलीला तांदळातले खडे दिसेनासे झालेत.