लिव्हर बदलायला वावर विकावं का?

वावरवाला: मावसभावाच्या लिव्हरमध्ये हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्याच्या जंतापासून होणाऱ्या पाण्याच्या गाठी. दोन ऑपरेशनं झाली. एक गाठ पित्तनळीत फुटली, नळ्या आकसत गेल्या, आता कावीळ उतरतच नाही. नागपूरचे डॉक्टर प्रत्यारोपण सांगतात. वहिनी लिव्हर द्यायला तयार, चार एकर विकायला काढलंय. माझं मत, विकू नये. लेकरं लहान, गोळ्या जन्मभराच्या, आणि घरात दोघांची पोटं चिरलेली.

रानमेवा: काहून नाही विकायचं भाऊ? हायडॅटिडला प्रत्यारोपण क्वचितच लागते. बहुतेकांचं अल्बेंडाझोलच्या (जंताच्या) गोळ्यांवर, सुईनं गाठ रिकामी करून नाहीतर ऑपरेशनवर भागते. बाकी उपाय थकले म्हणूनच डॉक्टर इथवर आले असतील. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढते.

वावरवाला: वाढतं हो. पण औंदा कापूस कोण वेचणार?

काटोलची_सून: मला वेगळंच खटकतंय. दरवेळी बायकोच कशी तयार असते? अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात सख्खे भाऊ-बहीणही जवळचे नातेवाईक आहेत. ते कुठे गेले? तुम्ही मावसभाऊ, तुम्हाला समितीची परवानगी लागेल, म्हणून सुटलात!

वावरवाला: एकाचा रक्तगट जुळत नाही, दुसरा रोज पितो.

ढोरांचा_दवाखाना: पोळ्याच्या करीला बोकड कापून आतडी-फुफ्फुसं कुत्र्यांपुढे कोण फेकते? आपणच. गाठीवालं काळीज कुत्र्यानं खाल्लं की जंत त्याच्या पोटात, अंडी विष्ठेतून भाजीपाल्यावर, हातावर. आइसलँडनं असं खाऊ घालणं थांबवून हा रोग हटवला. लाखो रुपये ऑपरेशनात घालण्यापेक्षा गावात खड्डा खणा, कुत्र्यांना जंताचं औषध द्या.

रानमेवा: खड्डा पुढच्यासाठी. हा माणूस आज पिवळा पडलाय, त्याला का भाषण देता बे?

काटोलची_सून: वावर नंतर. आधी सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, मुख्यमंत्री सहायता निधीचं विचारा. आणि मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावलं का?

वावरवाला: नाही लावलं. आणि एक कबूल करतो, वहिनीला मी नीट विचारलंच नव्हतं. आत्ता फोन केला. म्हणे, "वावर त्यायच्या नावानं हाये, लिव्हर माह्या आंगात हाये." उद्या दवाखान्यात जाऊन यादीचं पाहतो. सातबाऱ्याचं मंग.