मदत हवी: टेकडीचा गाळ अडवायला भिंत किती उंच बांधू? (ग्वाल्हेर)

टेकडीखालचा: घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे. जोराचा पाऊस झाला की मागून चिखल, दगड सरळ अंगणात येतात. काल जमिनीतली टाकी गाळानं भरली, मोटर जळली. मिस्त्री म्हणतो, मागे नऊ इंची विटांची भिंत घाला. किती उंच? लवकर सांगा, पाऊस परत येतोय.

जनकगंज: कुठली टेकडी? मांढरेच्या मातेकडची की सत्यनारायणाची? वर खदान आहे का?

वाळूचाळणी: विटांची भिंत अजिबात नको. दगडमातीचा लोंढा नुसत्या पाण्याच्या दीडपट-दुप्पट जड असतो. भिंत आधी त्याला साठवून घेईल आणि मग एकदम कोसळेल.

कंपूकर: आमच्या काकांकडे काँक्रीटची भिंत आहे, काही होत नाही. उगाच घाबरवू नका.

वाळूचाळणी: काकांच्या भिंतीला निचऱ्याची भोकं आहेत का? नसली तर मागची भिजलेली माती आणि पाणी दोन्ही तिला ढकलत असतात.

कंपूकर: आहेत भोकं. म्हणूनच टिकली, हे मान्य.

दौलतगंज: आतून ओल येत असेल तर वॉटरप्रूफिंग पावसाळ्यानंतरच करा.

जनकगंज: हा सगळा गाळ शेवटी स्वर्णरेखेत जातो. नदीचं काय झालंय, यावर वेगळा धागा हवा.

टेकडीखालचा: उंची कोणीच सांगत नाहीये! खदान नाही. वर प्लॉट पाडलेत, जेसीबीनं रस्ता कापलाय, माती उतारावरच लोटून दिलीय. घळ आमच्या मागच्या कोपऱ्यावर उतरते.

वाळूचाळणी: मग हे आधी सांगायचं ना भाऊ! ती सुटी माती भिजली की घळीतूनच येणार. घळीच्या तोंडावर भिंत नकोच, पाण्याला वाट मोकळी ठेवा. वरच्या अंगाला तारेच्या जाळीत दगड भरून आडवा बांध घाला, त्यातून पाणी झिरपतं आणि दगड अडतात. त्याच्यामागचा गाळ दर मोठ्या पावसानंतर उपसावा लागतो, नाहीतर बांध असून नसल्यासारखा. माती उचलायला गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून नगर निगमकडे फोटोसकट लेखी अर्ज द्या.

आणि मागच्या खोलीत कुणी झोपू नका. 2014 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमात डोंगराच्या पायथ्याच्या घरांवर असाच लोंढा पहाटेच्या अंधारात आला, सत्तरहून जास्त माणसं गेली. पाऊस चालू असताना घळीचं पाणी अचानक आटलं, तर वर काहीतरी अडलंय. लगेच बाहेर पडा, आणि घळीच्या दिशेनं नाही, बाजूला.

टेकडीखालचा: मागच्या खोलीत आई झोपते. आत्ताच पुढे हलवतो. घळीचे फोटो सकाळी टाकतो. ही जाळी लष्करात कुठे मिळेल?