अंतराळ नौदलातले खालचे हुद्दे: हवालदार की तांडेल?

माहुलीकर, सातारा
दिवाळी अंकासाठी अंतराळकथा लिहितोय. जहाजाचं नाव 'अजिंक्यतारा', माणसं ६०. अधिकाऱ्यांचं जमलंय, पण जवानांची उतरंड कशी लावू? शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार चालेल का? आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी फौजी गावं आहेत, चूक लगेच पकडली जाईल.

कोयनाकाठ, कराड
आधी हुद्दा, नेमणूक आणि ट्रेड वेगळे करा; बहुतेक कथा इथंच घसरतात. हवालदार हा हुद्दा. कंपनी हवालदार मेजर ही नेमणूक, ती बदलली तरी हुद्दा राहतो. क्लार्क, ड्रायव्हर हे ट्रेड. तुमचा हवेच्या यंत्रावरचा मेकॅनिक आणि तोफेवरचा गडी एकाच हुद्द्याचे असले तरी एकमेकांच्या जागी उभे राहू शकत नाहीत.

जहाज आहे, तर उतरंड नौदलाची घ्या. आपल्याकडे खालून सीमन सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मग मास्टर चीफ सेकंड आणि फर्स्ट क्लास. ६० मध्ये ८ अधिकारी धरले, ते वजा करून ५२ उरतात: मास्टर चीफ २, चीफ ४, पेटी ऑफिसर ८, लीडिंग १४, सीमन २४. वरची संख्या फुगवलीत तर फिल्टर बदलायला हात उरत नाहीत.

मास्टर चीफ दोघं, भांडाराचा चीफ आणि मुख्य स्वयंपाकी पाळीबाहेर ठेवा. उरलेल्या ४८ जणांचे तीन गट, प्रत्येकी १६, प्रत्येकावर एक चीफ. चार-चार तासांच्या सहा पाळ्या लावल्यात तर रोज त्याच गटाला तीच वेळ येते, म्हणून जहाजांवर संध्याकाळी ४ ते ८ चे दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात. पाळ्या सात झाल्या की चक्र आपोआप सरकतं.

कॅप्टननं थेट सीमनला 'व्हॉल्व्ह बंद कर' म्हणू नये. पाळीचा अधिकारी चीफला सांगतो, तो चीफ आपल्या हाताखालच्या पेटी ऑफिसरला, आणि लीडिंग दोन माणसं घेऊन जागेवर जातो. बंद व्हॉल्व्हला लाल टॅग, त्यावर लावणाऱ्याचं नाव, आणि तो लावणाऱ्यानंच काढायचा. तो माणूस बेशुद्ध पडला तर? मग चीफनं स्वतः पाइप तपासून काढायचा. तुमच्या कथेतलं संकट इथं उभं राहतं, शत्रूची गरजच नाही.

मिरजकर
वरचं पटतं, फक्त नावं मराठी ठेवा. खलाशी, त्याच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग ही जुन्या जहाजांवरची चढण. पण कोकणात तांडेल म्हणजे नावेचा प्रमुखच, तेव्हा पहिल्याच प्रकरणात त्याचं काम दाखवा. दर्यासारंग मात्र खाली वापरू नका, तो आरमाराच्या प्रमुखाचा किताब.

शिवकालीन रचनाही उपयोगी आहे. पायदळात दहाच्या तुकडीला नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. घोडदळात २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, आणि त्या २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा), एक नालबंद. तुमच्या प्रत्येक गटात असाच एक पाण्याचा आणि एक दुरुस्तीचा माणूस कायमचा बांधून द्या.

आजच्या लष्करात सुभेदाराला तरुण लेफ्टनंटही 'साहेब' म्हणतो, पण सॅल्यूट सुभेदारच आधी करतो. सारंगाच्या बाबतीत हीच रीत ठेवा.

माहुलीकर, सातारा
दोघांचेही मनापासून आभार. स्पेससूटवर हुद्दा कुठं दाखवू? आणि लढाईत सारंग पडला तर तांडेल लगेच सारंग होतो का?

कोयनाकाठ, कराड
दंडावरच्या फिती सूटखाली झाकल्या जातात. १९७१ मध्ये अपोलो १४ च्या कमांडरच्या सूटवर हेल्मेटला आणि हातापायांना लाल पट्टे होते, कारण सूट घातल्यावर माणूस ओळखू येत नाही. तसे पट्टे हेल्मेटच्या चारही बाजूंनी द्या, पाठमोरा माणूसही कळला पाहिजे.

सारंग पडला तर तांडेल त्याचं काम त्याच क्षणी हाती घेतो, हुद्दा मात्र तांडेलचाच. कॅप्टन त्याला 'कार्यकारी सारंग' नेमून लॉगबुकात वेळेसह नोंद करतो. कायमची बढती तळावर परतल्यावर, परीक्षा आणि रिकामी जागा पाहून.