शब्दचर्चा : 'मायोलॅनिइडी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : शिंगवाल्या कासवांवरच्या टिपणाचे पहिले वाक्य असे आहे – 'मायोलॅनिइडी ही प्रागैतिहासिक भूकासवांची नामशेष प्रजाती.' चालेल का?

उत्तर : 'प्रजाती' आधी काढा. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज. मराठीत तिला जाती म्हणतात. प्रजाती म्हणजे जीनस, आणि तिच्या वर कुल. प्राण्याच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी '-इडी' दिसले की बिनधास्त 'कुल' लिहा. या कुलात मायोलॅनिया, निंजेमिस, निओलामिया अशा प्रजाती. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावरची मायोलॅनिया प्लॅटिसेप्स ही जाती. वर्तमानपत्री मराठीत हा घोळ कायमचाच.

'भूकासव'ही नको. त्यावरून टेस्ट्यूडिनिडी कुल समजले जाते : आपले स्टार कासव, गालापागोसची महाकाय कासवे. मायोलॅनिइडी त्या घरातली नव्हेत, साम्य फक्त जमिनीवर राहण्याचे. 'भूचर कासवे' लिहा.

दुसरे उत्तर : प्रागैतिहासिक म्हणजे माणूस आहे, पण लेखन नाही असा काळ. दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातली निओलामिया इओसीन या भूशास्त्रीय युगातली, म्हणजे साडेतीन-चार कोटी वर्षांहून जुनी; तिथे हा शब्द तोकडा पडतो. उलट प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशात, एफाते बेटावर तेओउमा इथे लापिता लोकांच्या, म्हणजे त्या बेटांवरच्या पहिल्या वसाहतकारांच्या, उकिरड्यात साधारण 2800 वर्षांपूर्वीची कासवाची हाडे मिळाली, बहुतेक पायांची, म्हणजे भरपूर मांसाच्या भागाची. तिथे शब्द चपखल बसतो. मात्र कवटी नसल्याने ती जाती मायोलॅनियाच्या नावाआधी प्रश्नचिन्ह लावूनच नोंदली गेली. ते चिन्ह गाळू नका.

प्रश्न : आणि मायोलॅनिया म्हणजे 'मायोसीन या भूशास्त्रीय युगातले कासव' ना?

उत्तर : नाही, या सापळ्यात बरेच जण अडकतात. 'मायो' दोन्हीकडे एकच, ग्रीकमध्ये 'कमी, लहान'. म्हणून उच्चारही मायोसीनसारखाच ठेवावा. पण प्लॅटिसेप्स त्याहून खूप नंतरच्या प्लाइस्टोसीन युगातले. जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने 1859 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रचंड घोरपडीला मेगालॅनिया, 'थोरला भटक्या', म्हटले. 1886 मध्ये लॉर्ड हाऊवरची हाडेही त्याला सरड्याचीच वाटली आणि नाव पडले मायोलॅनिया, 'धाकटा भटक्या'. पुढच्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ हक्सलेने ते कासव असल्याचे दाखवले, तरी नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकले. नामशेष म्हणजे ज्याचे नावच उरले ते. इथे उरलेले नावही चुकीच्या समजुतीतून आलेले!

आणखी एक : 'शिंग' लिहाच, पण जीवाश्मात मिळतो तो शिंगाच्या आतला हाडाचा गाभा, वरची खोळ नव्हे. मायोलॅनियात शिंगे मागे वळलेली, निंजेमिसमध्ये सरळ बाजूला. यामुळे डोके कवचात ओढता येत नसे. तेव्हा 'कासवासारखे अंग आवरून घेणे' हा आपला वाक्प्रचार या कासवांच्या वर्णनात वापरू नका. शेपटीच्या टोकाच्या हाडाच्या गोळ्याला मात्र 'गदा' हा तयार शब्द आहे. 'सोटा' सरळ काठीचे चित्र उभे करतो.

प्रश्न : मग असे – 'मायोलॅनिइडी हे शिंगे व गदेसारखी शेपटी असलेल्या भूचर कासवांचे नामशेष कुल.'

उत्तर : 'गदेसारखी शेपटी' नको, शेपटी लांब आणि हाडांच्या कड्यांनी वेढलेली होती. 'शेपटीच्या टोकाला गदा असलेल्या' करा.