व्हाल थोरेन्स, झर्मॅट की निसेको? जानेवारीतला एक आठवडा

प्रश्न:
जानेवारीत बहिणीबरोबर स्कीइंगला जायचंय. मी लाल (म्हणजे मध्यम अवघड) उतार आरामात उतरते, तिने अजून स्की पायात चढवलेल्या नाहीत. दिवसातून एकदा तरी दोघींची गाठ पडावी, एवढीच अट. फ्रान्समधल्या व्हाल थोरेन्सला आसपासच्या दऱ्या धरून सुमारे 600 किलोमीटरचे जोडलेले उतार आहेत, म्हणून मन तिकडे ओढतंय. कोणी तिन्ही ठिकाणं पाहिली आहेत का?

उत्तर 1:
तिन्ही पाहिलीत. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. बहीण पहिले चार दिवस एकाच छोट्या उतारावर असणार.

व्हाल थोरेन्सची खरी ताकद उंचीत आहे. गावच 2300 मीटरवर, त्यामुळे बर्फाची काळजी नाही, आणि दारातूनच स्की घालून निघता येतं. पण तिथे झाडं नाहीत, आणि माझ्या मते हे फार मोठं उणं आहे. अशाच एका उघड्या डोंगरावर मी ढगात सापडलो होतो. कडेचा पुढचा खांब दिसत होता, मग तोही गेला. जमीन आणि आभाळ एकच. मला वाटलं, मी थांबलोय. काठी टेकवली तर ती मागे ओढली गेली, तेव्हा कळलं की मी घसरतोय. तेव्हापासून नकाशात मी आधी झाडं शोधतो.

जपानमधल्या निसेकोत भूर्जाची झाडं आहेत. बर्फ पडत असतानाही त्यांची खोडं दिसतात आणि उताराचा अंदाज येतो. सायबेरियाचा गार वारा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन येतो, म्हणून जानेवारीत तिथे जवळजवळ रोज ताजा, हलका बर्फ. शिखर जेमतेम 1308 मीटर, उंचीचा त्रास नाही. मात्र वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद होतात, आणि उतार आल्प्सच्या मानाने आखूड. लांब उतरायची हौस असेल तर तुमचा हिरमोड होईल.

उत्तर 2:
तुमची अट वाचून मी स्वित्झर्लंडमधलं झर्मॅट म्हणेन. नवशिक्यांचा उतार गावाच्या वर, सुनेगाला, जमिनीखालच्या रेल्वेने वर जायचं. शिवाय गोर्नरग्राट या डोंगरकड्याची रेल्वे 3089 मीटरपर्यंत जाते. बहिणीने स्की खाली ठेवून नुसतं गाडीने यावं, तुम्ही उतारावरून, आणि समोर मॅटरहॉर्नचं शिखर! फक्त संध्याकाळी तिला गावापर्यंत स्कीवरून उतरवू नका. तो शेवटचा टप्पा दमलेल्या पायांना झेपत नाही, खाली यायलाही रेल्वेच घ्या. जड बूट घालून गावातून चालावं लागतं, तेही लक्षात घ्या.

प्रश्नकर्ती:
गाडीने येऊन भेटायची कल्पना बहिणीला फारच आवडली, झर्मॅटच ठरतंय. तिच्यासाठी हिरवे, म्हणजे सर्वांत सोपे, उतार शोधतेय, नकाशात एकही दिसत नाही.

उत्तर 1:
झर्मॅटला सोपा उतार म्हणजे निळा, मग लाल, मग काळा. निसेकोत हिरवा, लाल, काळा असतो, तिथे निळा नाही. पहिले दोन दिवस निळाही नको, सुनेगाला नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशीच राहू द्या.