मेव्हण्यांकडून मिळालेले जुने स्टेप-इन बाइंडिंग गुलमर्गला वापरावे का?

कोथरूडकर

नमस्कार. माझे मेव्हणे बरीच वर्षे अमेरिकेत व्हरमाँट राज्यात होते. यंदा तिकडचे घर आवरून पुण्याला परतताना त्यांनी त्यांचा स्नोबोर्ड, बूट आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस घेतलेले स्टेप-इन बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडून ठेवणारे साधन) मला दिले. बुटाच्या तळव्यात धातूची पट्टी बसवलेली आहे, आणि बोर्डावर पाय ठेवून दाबला की खटका बसून बूट अडकतो. एकही पट्टा आवळावा लागत नाही.

गेली तीन वर्षे मी फेब्रुवारीत आठवडाभर गुलमर्गला जातो आणि तेथे पट्ट्यांचे बाइंडिंग भाड्याने घेतो. मध्यंतरी माझ्या कमरेतील चकती सरकली होती. डॉक्टरांनी आता खेळायला परवानगी दिली आहे, परंतु बर्फात बसून, पुढे वाकून, जाड हातमोजे घालून पट्टे ओढणे मला फार जड जाते. त्यामुळे हा संच पाहून मला मनापासून आनंद झाला. बूटही मापात बसतात.

माझे दोन प्रश्न आहेत. इतकी सोयीची रचना बाजारातून मागे का पडली? आणि हा संच वापरू नये असे आपले मत असेल, तर माझ्यासारख्याने कोणता पर्याय निवडावा?

सह्यवाटा

आधी दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण त्यात पायाला इजा होण्याचा संभव आहे. हे बूट कृपया बर्फावर नेऊ नयेत.

आपल्याकडे ट्रेकिंग करणाऱ्या बहुतेकांनी हा प्रकार पाहिलेला असतो: चार-पाच वर्षे माळ्यावर ठेवलेले, दिसायला नवेकोरे बूट घालून कोणी राजगडाला निघतो आणि पद्मावती माचीवर पोहोचेपर्यंत त्यांचा तळ सुटून लोंबू लागतो. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन हे द्रव्य असते. हवेतील आर्द्रतेने त्याचे रासायनिक विघटन होत राहते आणि ते आतून भुसभुशीत होते. न वापरता ठेवल्याने ते टिकत नाही. आपले बूट पंचवीस वर्षांचे आहेत, आणि पुण्यातील एक पावसाळा त्यांना याहून कमकुवत करील.

पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये तळ थोडा सुटला तरी घोट्यावरचा आणि चवड्यावरचा पट्टा पाय धरून ठेवतो. स्टेप-इनमध्ये मात्र संपूर्ण भार त्या तळव्यातील धातूच्या पट्टीवर असतो. ती एका बुटातून उपटून निघाली, तर एक पाय मोकळा आणि दुसरा बोर्डाला जखडलेला अशी अवस्था होते, आणि मग सगळा पीळ अडकलेल्या पायाच्या गुडघ्यावर व घोट्यावर येतो. स्कीचे बाइंडिंग ठरावीक जोर आला की आपोआप सुटते. स्नोबोर्डचे तसे सुटत नाही, कारण दोन्ही पाय एकाच फळीवर एकत्र धरलेले राहतील हे त्यात गृहीतच असते. शिवाय जुने प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते. मेव्हण्यांची आठवण म्हणून बोर्ड भिंतीवर अवश्य लावा.

पेडलवाला

मी मूळचा सायकलवाला, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. आपल्या संचातील कल्पना सायकलच्या जगातूनही आलेली आहे. सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीने 1990 साली एसपीडी पेडल आणले. बुटाच्या तळव्यातील धातूचा तुकडा त्या पेडलमध्ये खटकन बसतो. त्याच कंपनीने पुढे क्लिकर नावाचे स्नोबोर्ड बाइंडिंग तयार केले आणि केटू कंपनीने ते बाजारात आणले. त्या सुमारास बर्टन या स्नोबोर्ड कंपनीचे एसआय हे स्टेप-इन होते, स्विच नावाची आणखी एक पद्धत होती. तो काळ मोठ्या उत्साहाचा होता. 1998 साली नागानोला स्नोबोर्डिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले, आणि पट्टे आता इतिहासजमा होणार असे पुष्कळांना वाटत होते.

सायकलवर पाय खाली दाबायचा असतो, घोटा मोकळा असला तरी चालते, नव्हे, तो मोकळाच हवा. स्नोबोर्डवर याच्या उलट आहे. चवड्याच्या बाजूच्या कडेवर वळताना टाच वर उचलली जाऊ पाहते आणि घोट्यावरचा पट्टा तिला खाली धरतो. टाचेच्या कडेवर वळताना पोटरी मागच्या उभ्या आधारावर, म्हणजे हायबॅकवर, रेलते. पायाचा कल बोर्डाच्या कडेपर्यंत पोहोचतो तो या दोन मार्गांनी. पट्टा काढून टाकला की त्याचे काम बुटाला करावे लागते. म्हणून कंपन्यांनी बूट कडक केले आणि कित्येक रचनांमध्ये हायबॅक बुटाच्या आतच घातला. परिणामी बूट जड झाले, ते चालायला त्रासदायक आणि ठिकठिकाणी टोचणारे ठरले, आणि उड्या व कसरती करणाऱ्या तरुणांना हवा असलेला मऊ, लवचिक स्पर्श हरवला. त्या काळी या खेळाची आवडनिवड ठरवणारे तेच होते, आणि त्यांनी पट्टे सोडले नाहीत. केटूने हायबॅक बाहेर बाइंडिंगवर नेऊन यावर काही प्रमाणात तोडगा काढला, आणि माझ्या मते त्या पिढीतील ती सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना होती.

दुसरी अडचण बर्फाची. पावसाळ्यात मुळशीकडच्या कच्च्या वाटेवर सायकल घेऊन उतरलो की पेडलच्या खाचेत लाल चिखल ठासला जातो आणि कितीही दाबले तरी खटका बसत नाही. तळव्याखालच्या बाइंडिंगमध्ये बर्फाने नेमके हेच व्हायचे. उतारावर एका पायावर उभे राहून तो खरवडावा लागे, आणि मग वाचवलेला वेळ कुठे गेला हे कळत नसे.

तिसरे कारण व्यापारी होते. एका कंपनीचा बूट दुसरीच्या बाइंडिंगमध्ये बसत नसे, त्यामुळे पायाला न मानवणारा बूटही केवळ खटक्यासाठी घ्यावा लागे. त्याच सुमारास पट्ट्यांचे बाइंडिंगही सुधारत गेले, पट्टा आवळणारे त्यांचे दातेरी रॅचेट सहज सरकू लागले. 2000 नंतरच्या काही वर्षांत जुने स्टेप-इन बहुतेक दुकानांतून दिसेनासे झाले.

हिमरेषा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. माझाही पाठीचा त्रास जुना आहे, म्हणून पर्यायांविषयी थोडे सविस्तर लिहिते.

बर्टनने 2017 साली स्टेप ऑन आणले, तेव्हा जुन्या चुका बऱ्याच अंशी टाळल्या. खटके तळव्याच्या मध्यभागी न ठेवता एक टाचेच्या मागे आणि दोन चवड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले; हायबॅक बाइंडिंगवरच राहिला. आधी टाच मागे बसवायची, मग चवडा दाबायचा, आणि सुटताना बाहेरच्या बाजूची कळ ओढायची. पकड उत्तम आहे. मात्र त्याला त्याच पद्धतीचे बूट लागतात. डीसी, नायट्रो आणि थर्टीटू या कंपन्यांनीही बर्टनच्या परवान्याने असे बूट काढल्यामुळे निवड वाढली आहे, तरी बंधन आहेच.

दुसरा मार्ग मागून पाय सरकवण्याचा, जो फ्लो कंपनीने 1990च्या दशकातच रूढ केला. हायबॅक मागे पाडायचा, पाय आत घालायचा, हायबॅक उभा करून कळ दाबायची. कोणताही बूट चालतो. सपाट, दाबलेल्या बर्फावर हे फार सुखाचे आहे, पण भुसभुशीत बर्फात बुटाखाली थर साचला की कळ बसता बसत नाही.

तिसरा मार्ग निडेकर कंपनीचे सुपरमॅटिक बाइंडिंग. यात पट्टे एकदाच पायाच्या मापाने जुळवून ठेवायचे. मागून पाय घालून टाच दाबली की हायबॅक आपोआप उभा राहून अडकतो. कोणताही बूट चालतो, आणि गरज पडली तर नेहमीप्रमाणे पट्टे उघडूनही पाय घालता येतो. वजन काहीसे जास्त आहे.

आता गुलमर्गचा विचार करा. परदेशातील खुर्चीच्या लिफ्टवर प्रत्येक फेरीला मागचा पाय सोडून पुन्हा अडकवावा लागतो, म्हणून तिथे खटक्याची सोय दिवसातून पंचवीस वेळा कामी येते. गुलमर्गच्या गोंडोल्यात, म्हणजे रोपवेच्या बंद पाळण्यात, बोर्ड पूर्ण काढूनच बसतो आपण, आणि वरच्या अफरवाट पर्वतावरून एक उतरण संपायलाच वेळ लागतो. पट्टे आवळण्याचे प्रसंग मुळात कमी. उलट वरच्या खोल, ताज्या बर्फात बोर्ड पायाखाली खचतो, दाबायला टणक आधार मिळत नाही आणि खटका हुलकावणी देतो. तेथे मी स्वतः सुपरमॅटिकच पसंत करीन, कारण खटका नाही बसला तर पट्टे हाताशी असतात.

कोथरूडकर

आपण तिघांनी इतका वेळ दिलात, मनःपूर्वक आभार. सह्यवाटा यांचे वाचून बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला, तर टाचेजवळ पिवळसर भुकटी हाताला लागली. बूट बाजूला ठेवले आहेत. एकच शंका उरते: बोर्डही त्याच काळातील आहे, त्यावर नवे बाइंडिंग बसेल का? आणि खर्च एकदम झेपणारा नाही, तेव्हा सुरुवात कशापासून करावी?

हिमरेषा

बोर्डावरच्या भोकांची मांडणी पाहा. चौकोनात चार भोके असतील तर बहुतेक नव्या बाइंडिंगची तबकडी (बाइंडिंग बोर्डाला स्क्रूने जोडणारी चकती) बसते. त्रिकोणात तीन असतील तर तशी तबकडी वेगळी शोधावी लागेल. पण बोर्ड गुलमर्गला चांगले मिळतात, त्यामुळे तो इथून विमानाने नेण्याची गरज नाही. यंदा फक्त बूट घ्या, कोणत्याही बाइंडिंगला चालणारे साधे, आणि ते संध्याकाळी, दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असताना, खेळाचे मोजे घालून मापून घ्या. बाइंडिंग पुढच्या वर्षी. तोवर पट्टे लावताना बर्फात बसू नका. उताराकडे पाठ करून गुडघ्यांवर टेका, मागे वळून एकेक पट्टा ओढा. माझी कंबर यानेच सांभाळली जाते.